सौरघट, प्रकाशतंतू आणि ‘दुप्पट’ हा शब्द

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विज्ञान पुरवणीत गेल्या रविवारी नॅनोरचनांनी प्रकाशावर नियंत्रण कसे आणता येते, या विषयावर एक लेख प्रसिद्ध झाला. तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने, कारण सौरघट आणि प्रकाशतंतू (ऑप्टिकल फायबर) या दोहोंना जोडणारा हा विषय दैनिकात क्वचितच येतो. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, कारण उत्तरपत्रिका तपासण्यात उमर गेलेल्या माणसाची ती सवय सुटत नाही. लेखातील दोन विधानांखाली मला रेघ मारावी लागली. नॅनोरचनेचा थर दिला की आजच्या सौरपटलातून दुप्पट वीज मिळेल, हे पहिले. आणि नव्या पोकळ तंतूंतून संदेश प्रकाशापेक्षाही वेगाने जातील, हे दुसरे. पहिले विधान हिशेबात बसत नाही आणि दुसरे निसर्गनियमात. दोन्ही विधाने मूळच्या खऱ्या गोष्टींना वाजवीपेक्षा जास्त फुगवल्यामुळे तयार झाली आहेत, आणि माझ्या मते त्या मूळ गोष्टी जास्त रंजक आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

सुरुवात ‘जितके सूक्ष्म तितके प्रभावी’ या लेखातल्या वाक्यापासून करतो, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. प्रकाशाच्या बाबतीत खरी मोजपट्टी नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) ही नसून तरंगलांबी ही आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. पृष्ठभागावरची खडबड त्याहून पुष्कळ लहान, म्हणजे दहावीस नॅनोमीटरची असेल, तर समुद्राच्या लाटेला वाळूचा कण जाणवू नये तशी ती प्रकाशाला वेगळी अशी जाणवतच नाही. त्याला तिची फक्त सरासरी कळते. उलट खाचा तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठ्या असतील, तर प्रकाश प्रत्येक उतारावरून शालेय पुस्तकातल्या किरणासारखा परावर्तित होतो आणि नवे काही घडत नाही. रचना तरंगलांबीच्या आसपासची किंवा तिच्या काही अंश इतकी असते, तेव्हाच तिच्या निरनिराळ्या भागांवरून निघालेल्या लाटा एकमेकींत मिसळून कुठे बळावतात, कुठे विरतात, आणि पदार्थ तोच असूनही केवळ आकार बदलल्याने त्याचे वागणे बदलते. दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या पतंगाचा डोळा हे याचे जुने उदाहरण आहे. १९६०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असे दिसले, की त्याच्या डोळ्याच्या पृष्ठभागावर सुमारे २०० नॅनोमीटर अंतरावर बारीक उंचवट्यांची दाटी असते. हे अंतर तरंगलांबीपेक्षा कमी असल्यामुळे हवेतून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाला ‘इथे हवा संपली, इथे डोळा सुरू झाला’ अशी स्पष्ट वेस सापडत नाही. अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात प्रकाश किती मंदावतो याचे माप, हळूहळू वाढत जातो आणि परावर्तन जवळजवळ होतच नाही. अंधारात डोळा चमकला नाही की शिकाऱ्याला सावज दिसत नाही.

सिलिकॉनला नेमकी हीच अडचण आहे. गुळगुळीत, उघडे सिलिकॉन त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा आरशासारखा परत पाठवते. म्हणून घटावर सिलिकॉन नायट्राइडचा सुमारे ७५ नॅनोमीटर जाडीचा थर दिला जातो. या थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या दोन लाटांमध्ये अर्ध्या तरंगाचा फरक पडतो, एकीचा उंचवटा दुसरीच्या खोलगट भागावर येतो आणि दोघी एकमेकींना मिटवतात. हा हिशेब ६०० नॅनोमीटरच्या आसपास अचूक जुळवलेला असतो, निळ्या-जांभळ्या टोकाला तो थोडा चुकतो, आणि ते चुकलेले परावर्तन म्हणजेच सौरपटलाचा ओळखीचा निळा रंग. हा रंग सिलिकॉनचा नव्हे, की कुठल्या रंगद्रव्याचाही नव्हे; साबणाच्या फुग्यावर जे रंग खेळतात त्यांच्याच जातीचा तो आहे. लेखात ‘येऊ घातलेले तंत्र’ म्हणून ज्याचे वर्णन आहे, त्याची एक साधी आवृत्ती अशी कित्येक वर्षांपासून बहुतेक सिलिकॉन पटलांवर उघड्या डोळ्यांना दिसते आहे, हे वाचकांना सांगायला हवे होते.

प्रकाश आत शिरला म्हणजे काम झाले असे मात्र नाही, आणि या विषयाचे खरे मर्म इथून पुढे आहे. सिलिकॉन हा प्रकाश शोषण्याच्या कामात तसा आळशी पदार्थ आहे. निळा प्रकाश त्यात मायक्रोमीटरपेक्षाही (म्हणजे हजार नॅनोमीटरपेक्षाही) कमी खोलीतच शोषला जातो; पण १००० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाला त्यासाठी सुमारे दीडशे मायक्रोमीटर लागतात, आणि ११०० नॅनोमीटरला, म्हणजे सिलिकॉनच्या उपयोगाच्या अगदी सीमेवर, जवळजवळ तीन मिलिमीटर. आजच्या घटाची चकती दीडशे मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या दुप्पट जाडीची असते. तेव्हा तीन मिलिमीटरचा प्रवास या चकतीत बसवायचा, तर प्रकाशाला तिच्यात पुन्हा पुन्हा येरझाऱ्या घालायला लावणे एवढाच मार्ग उरतो. त्यासाठी अल्कलीच्या द्रावणात सिलिकॉन खरवडून त्यावर काही मायक्रोमीटर उंचीचे पिरॅमिड तयार करतात आणि मागच्या बाजूला परावर्तक थर देतात. तिरप्या वाटेने आत शिरलेला प्रकाश मग सहजासहजी बाहेर पडू शकत नाही, कारण सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारे ३.५ असल्याने, पृष्ठभागाच्या लंबाशी साधारण १७ अंशांच्या आत येणारा प्रकाशच निसटतो आणि बाकीचा सगळा पूर्ण आंतरिक परावर्तनाने माघारी फिरतो. भौतिकशास्त्रज्ञ एली याब्लोनोविच यांनी १९८२ साली दाखवून दिले, की प्रकाशाच्या दिशा पूर्णपणे विस्कटून टाकल्या तर त्याचा सरासरी मार्ग अपवर्तनांकाच्या वर्गाच्या चौपट इतका लांबवता येतो. सिलिकॉनसाठी हा आकडा सुमारे पन्नास येतो. थराची जाडी तरंगलांबीच्याही खाली गेली, की ही मर्यादा काही प्रमाणात ओलांडता येते, असे पुढे गणिताने सिद्ध झाले. आणि नॅनोरचनांचे सौरघटातील खरे माहेर तिथे आहे, जाड चकतीत नव्हे.

आता ‘दुप्पट’चा हिशेब करू. उत्तम प्रतीचा आजचा सिलिकॉन घट त्याच्या उपयोगाच्या प्रकाशापैकी सुमारे नऊ दशांश प्रकाशाचे विद्युतप्रवाहात रूपांतर करतो. उरलेल्या एका दशांशावर जगातली सर्वात कुशल नॅनोरचना लादली, तरी तिच्या हाती तेवढा एक दशांशच येणार. शिवाय शॉकले आणि क्वायसर यांनी १९६१ साली मांडलेली मर्यादा आहेच. एकाच पदार्थाच्या घटाची कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या प्रकाशऊर्जेपैकी विजेत उतरणारा हिस्सा, ती साधारण ३३ टक्क्यांवर अडवते. सिलिकॉनपुरती, त्याच्या अंगभूत दोषांसह, ती २९.४ टक्के येते, आणि प्रयोगशाळेतले घट २७ टक्क्यांच्या पुढे पोचलेले आहेत. पटलाच्या बावीस टक्क्यांचे चव्वेचाळीस करणारा थर म्हणूनच असू शकत नाही. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट या वेगळ्या प्रकाशशोषक पदार्थाचा दुसरा घट बसवून ३४ टक्क्यांच्या पुढे मजल गेली आहे, हे खरे; पण ती कमाई दुसऱ्या पदार्थाची आहे, प्रकाशाला खेळवणाऱ्या रचनेची नव्हे, आणि लेखात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

मग नॅनोरचना कशासाठी? कमी पदार्थात तेवढेच काम करून घेण्यासाठी. इंडियम फॉस्फाइड या अर्धवाहकाच्या नॅनोतारांचा एक घट २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात तारांनी पृष्ठभागाचा जेमतेम १२ टक्के भाग व्यापला होता, तरीही घटाची कार्यक्षमता १३.८ टक्के होती. तारांच्या मधल्या रिकाम्या जागेवर पडणारा प्रकाशही तारांकडे ओढला जातो, कारण लाटेला तारेची रुंदी तिच्या प्रत्यक्ष आकारापेक्षा मोठी भासते. पातळ घटांवर कोणती नक्षी हवी याचा शोध घेताना संशोधकांनी २०१४ साली एक गमतीदार आडवाट धरली. त्यांनी चित्रपटाच्या ब्लू-रे तबकडीवरची खाचांची नक्षीच साचा म्हणून वापरून ती बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) सौरघटावर उमटवली, आणि प्रकाशाचे शोषण सुमारे २२ टक्क्यांनी वाढले. तबकडीवरची माहिती दाबून भरलेली असल्यामुळे खाचांची मांडणी पूर्ण नियमितही नसते आणि पूर्ण स्वैरही नसते, आणि अनेक रंगांचा प्रकाश एकाच वेळी अडवायला असेच अर्धवट शिस्तीचे अंगण सोयीचे ठरते. अगदी काटेकोर जाळी एखाद्या रंगावर मेहेरबान होते आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडते.

या पद्धतीची किंमतही सांगायला हवी. लेखात तिचा उल्लेख नाही. पृष्ठभाग जितका काटेरी, तितके त्याचे क्षेत्रफळ मोठे, आणि सिलिकॉनच्या पृष्ठभागावरचे तुटलेले बंध म्हणजे प्रकाशाने मोकळे केलेले इलेक्ट्रॉन वाया घालवणारी भगदाडे. ‘काळे सिलिकॉन’ म्हणून ओळखले जाणारे सुईदार पृष्ठभाग प्रकाश जवळजवळ संपूर्ण गिळतात, पण वर्षानुवर्षे त्यांचे घट साध्या घटांच्या मागेच राहिले, त्याचे कारण हेच. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थराने ही भगदाडे बुजवून आणि सर्व विद्युतजोड मागच्या बाजूला नेऊन २०१५ साली अशा घटाने २२.१ टक्क्यांची पातळी गाठली. सोन्याचांदीच्या नॅनोकणांची कथाही अशीच आहे. ते प्रकाश स्वतःभोवती गोळा करतात, हे दृश्य विलोभनीय आहे. पण गोळा केलेल्या प्रकाशाचा एक हिस्सा धातू स्वतःच खातो आणि गरम होतो. घटाला हवा असतो इलेक्ट्रॉन. धातूच्या कणाकडून मिळते ऊब.

तंतूंकडे वळल्यावर मागणी अगदी उलटी होते. सौरघटात प्रकाश शेवटी शोषला जाण्यासाठीच कोंडायचा असतो, आणि तंतूत तो कोंडायचा असतो तो कधीच शोषला जाऊ नये म्हणून. चार्ल्स काओ यांनी १९६६ साली काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून दूरवर संदेश जातील असे मांडले, तेव्हा चांगल्यात चांगल्या काचेतही एका किलोमीटरला १००० डेसिबलच्या घरात क्षय होत होता (दर तीन डेसिबलला प्रकाश निम्मा होतो). त्यांना २० डेसिबल हवे होते. १९७० साली ते साध्य झाले, आणि आज नेहमीच्या तंतूंत ते प्रमाण ०.२ डेसिबलच्या आसपास आहे, म्हणजे प्रकाश निम्मा होईपर्यंत सुमारे पंधरा किलोमीटर जातो. पुढे मात्र गाडी अडली, आणि ती अशुद्धीमुळे नव्हे. काच थंड होताना तिच्यातली घनतेची बारीक चढउतार तशीच गोठून राहते आणि तिच्यावरून प्रकाश विखुरतो, आकाश ज्या कारणाने निळे दिसते त्याच कारणाने. शुद्धीकरण कितीही केले तरी काच काचच राहते. म्हणून प्रकाश काचेतून न नेता पोकळीतून न्यावा, असा विचार आला.

पण नेहमीच्या तंतूची युक्ती पोकळीत चालत नाही. पूर्ण आंतरिक परावर्तनासाठी गाभ्याचा अपवर्तनांक आवरणापेक्षा जास्त असावा लागतो, आणि हवेचा तो काचेपेक्षा कमीच असतो. वाट निघाली ती १९८७ साली, याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या एका कल्पनेतून. याब्लोनोविच यांना अणूंचे आपोआप प्रकाशणे थोपवायचे होते, जॉन यांना प्रकाश एका जागी अडकवायचा होता, आणि दोघेही एकाच ठिकाणी पोचले: दोन पदार्थांची तरंगलांबीच्या मापाची नियमित जाळी केली, तर काही तरंगलांब्यांना त्या जाळीत कुठल्याही दिशेने प्रवेशच मिळत नाही. याला फोटॉनिक स्फटिक म्हणतात. त्याचा पहिला नमुना १९९१ साली तयार झाला तो एका ठोकळ्यात तिरकी भोके पाडून, आणि तोही दृश्य प्रकाशासाठी नव्हे तर सूक्ष्मतरंगांसाठी, कारण मिलिमीटरच्या मापाची भोके पाडणे हाताच्या आवाक्यात होते. मोरपिसात मात्र अशी जाळी निसर्गाने आधीच विणलेली आहे. त्यातले मेलॅनिन हे द्रव्य मुळात काळपट असते. निळे-हिरवे दिसते ते त्याच्या काड्यांमधल्या अंतरामुळे.

फिलिप रसेल यांनी ही जाळी तंतूच्या आवरणात आणली. असा पहिला तंतू १९९६ साली निघाला, आणि पोकळ गाभ्याचा १९९९ साली. तो करण्याची रीत मला या विषयातली सर्वात देखणी गोष्ट वाटते, म्हणून जरा थांबतो. काचेच्या मिलिमीटरभर जाडीच्या शेकडो नळ्या एका मोठ्या नळीत हाताने, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या रचतात. गाभ्याच्या जागी काही नळ्या काढून घेतात. ही जुडी भट्टीत २००० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ करून आधी वेताच्या छडीएवढी आणि मग केसाएवढी बारीक ओढतात. आडवा छेद आकसत जातो, पण त्याची नक्षी कायम राहते. जी भोके रचताना डोळ्यांना दिसत होती, तीच ओढल्यावर प्रकाशाच्या मापाची होतात. नॅनोरचना कोरावी लागत नाही; मोठी करून लहान करावी लागते.

या जाळीदार तंतूंचा क्षय बराच काळ किलोमीटरला एका डेसिबलच्या वरच रेंगाळला. ओढताना वितळलेल्या काचेच्या पृष्ठभागावर उठणाऱ्या अतिसूक्ष्म लाटा तशाच गोठतात, आणि जाळीत काचेचे काठच काठ असल्याने प्रकाश त्यांना घासून विखुरतो. यावरचा उपाय जास्त गुंतागुंतीचा नव्हता, तो सोपा होता. संशोधकांनी जाळी टाकूनच दिली. नव्या तंतूत पोकळ गाभ्याभोवती, एकमेकींना न टेकणाऱ्या, एकीत एक बसवलेल्या मोजक्याच नळ्या असतात, आणि त्यांच्या भिंती सुमारे अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या असतात. भिंतीची जाडी अशी निवडतात, की तिच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींना बळ देतात आणि प्रकाश पोकळीतच राहतो. इथे वाचकांनी सौरघटावरचा निळा थर आठवावा. दोन पृष्ठभाग, त्यांच्यावरून परतणाऱ्या दोन लाटा आणि त्यांच्यातला अंतराचा हिशेब, हे सारे दोन्हीकडे तेच आहे. घटावर त्या लाटा एकमेकींना मारतात, तंतूत तारतात. फरक जाडीच्या निवडीचा, आणि थराच्या पलीकडे सिलिकॉन आहे की हवा, याचा. २०२५ साली इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील संशोधकांनी या जातीच्या तंतूचा क्षय किलोमीटरला ०.०९१ डेसिबलपर्यंत उतरल्याचे प्रसिद्ध केले. यात प्रकाश निम्मा व्हायला सुमारे तेहतीस किलोमीटर लागतात. भरीव काचेच्या कुठल्याही तंतूला ही पातळी गाठता आलेली नाही.

वेगाविषयीचे चुकीचे विधान बहुधा इथूनच जन्मले असावे. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, पोकळीत जवळपास तीन लाख. हजार किलोमीटरला भरीव तंतूत सुमारे पाच मिलिसेकंद लागतात, पोकळ तंतूत साडेतीनच्याही आत. पोकळ तंतूतला प्रकाश काचेतल्या प्रकाशापेक्षा वेगवान असतो, एवढेच खरे आहे. ‘काचेतल्या’ हा शब्द गळला आणि वाक्य सापेक्षतावादाच्या विरोधात गेले. छापखान्यातली चूक असेल, तर ती बोलकी आहे.

लेखाच्या शेवटी ही तंत्रे लवकरच घरोघरी येतील असे म्हटले आहे. दोन्ही तंत्रांना एकाच तारखेचे आश्वासन देणे मला पटत नाही. तंतूचा छेद एकदा जमला की एकाच ओढीत किलोमीटर किलोमीटर लांबी मिळते, कारण नक्षी लांबीच्या दिशेने बदलायची नसते. सौरपटलात मात्र नक्षी क्षेत्रफळावर हवी असते: प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर, खऱ्या मापात, आणि पुढे वीसपंचवीस वर्षे ऊन, पाऊस व धूळ झेलून टिकणारी. साचा दाबून नक्षी उमटवण्याची तंत्रे आहेत, पण चौरस मीटरच्या पटलांवर ती स्वस्तात आणि निर्दोष चालवणे हे वेगळे काम आहे. तंतूवाल्यांची डोकेदुखी दुसरीच आहे. पोकळ तंतू भरीव तंतूला जोडताना आतल्या नळ्या उष्णतेने आकसून बंद होऊ द्यायच्या नाहीत, आणि उघड्या टोकातून बाष्प आत शिरू द्यायचे नाही. तरीही मला विचाराल तर तंतू पुढे आहेत, आणि ते केवळ भूमितीच्या कृपेने.

तेव्हा पुरवणीच्या पुढच्या अंकात दोन दुरुस्त्या छापाव्यात, अशी विनंती आहे. पहिल्या विधानात ‘दुप्पट वीज’ याऐवजी ‘कमी जाडीच्या पदार्थातून जवळपास तेवढीच वीज’ असे हवे. आणि दुसऱ्यात ‘प्रकाशापेक्षा वेगाने’ याऐवजी ‘काचेतून जाणाऱ्या प्रकाशापेक्षा वेगाने’ असे. लेखासोबतच्या चित्रात पोकळ तंतूचा गाभा निळ्या रंगाने भरून दाखवला आहे. चित्रकारांना सांगून तो कोरा ठेवता आला, तर तेही करावे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक